टाय रॉड जाड केला, आता तुटणार कुठे?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: गाडीला पुढे सॉलिड ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध आडवा दांडा) आहे, टायर मोठे करून ३५ इंची टाकले आणि कंपनीचा टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळावीत म्हणून त्यांना जोडणारा दांडा) वर्षभरात दोनदा वाकला. आता त्याच रॉडला लोखंडी अँगल वेल्ड करून घ्यावा की सरळ जाड रॉड टाकावा? शिवाय ताशी साठच्या पुढे खड्डा लागला की स्टीअरिंग थरथरतं, त्यासाठी मोठा स्टीअरिंग डॅम्पर (स्टीअरिंगचे झटके मंद करणारा शॉक ॲब्सॉर्बर) बसवावा का?

अँगल वेल्ड करू नका. डॅम्पर आत्ता घेऊ नका. जाड टाय रॉड जरूर टाका, पण तो सगळ्यांत शेवटी. त्याच्या आधी काय बघायचं आणि का, ते सविस्तर लिहितो, कारण उलट्या क्रमाने काम करायची चूक मी स्वतः केली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा टाय रॉड असाच वाकायचा. मी ३८ मिलिमीटर व्यासाचा जाड पाइप आणून, टोकांना आटे करून बसवला. दोन मोसम तो केसभरही वाकला नाही. तिसऱ्या मोसमात ओढ्याच्या पात्रात पुढचं डावं चाक दोन दगडांमध्ये अडकलं. ब्रेकवर पाय, गाडी जागेवर उभी, आणि मी पॉवर स्टीअरिंगच्या जोरावर चाक वळवत राहिलो. एकच कोरडा ‘टक्’ आवाज आला. त्यानंतर स्टीअरिंग फिरत होतं, चाकं मात्र ढिम्म. खाली वाकून बघितलं तर स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगचं फिरणं चाकांकडे पोहोचवणारी गिअरपेटी) चासीचा पत्रा घेऊनच बाहेर आला होता. बोल्ट तसेच घट्ट होते, फाटला होता तो बोल्टांभोवतीचा पत्रा. फाटलेल्या कडेचा काही भाग ताजा, चकचकीत होता, उरलेला गंजून तपकिरी पडलेला. म्हणजे तडा कित्येक महिने जुना होता. त्याच जागी रंगावर केसाएवढी लालसर रेघ मी आधी दोनदा बघितली होती आणि चिखल समजून पुसून टाकली होती. हे पायी चालण्याच्या वेगात झालं म्हणून निभावलं. हमरस्त्यावर झालं असतं तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही.

जुना रॉड वाकत होता तोवर तो माझ्या बॉक्सला आणि चासीला वाचवत होता, हे मला तेव्हा कळलं. स्टीअरिंगच्या चाकापासून टायरपर्यंत जोर एका रांगेतून जातो: बॉक्स, त्यातून बाहेर आलेला सेक्टर शाफ्ट, त्यावर पिटमन आर्म (शाफ्टबरोबर फिरणारा हात), मग ड्रॅग लिंक (त्या हाताला चाकाकडे जोडणारा दांडा), एका बाजूचा नकल (चाक ज्यावर बसून वळतं तो भाग), टाय रॉड आणि पलीकडचा नकल. बॉक्स चासीला धरून असतो आणि ॲक्सलला आडवं सरकू न देण्याचं काम ट्रॅक बार करतो. मोठा टायर, बाहेर काढलेली रिम आणि दगडात अडकलेलं चाक यामुळे येणारा जोर कमी होत नाही. तुम्ही एक जागा मजबूत केलीत की तो पुढच्या कमजोर जागेकडे जातो. त्यामुळे ‘रॉड किती जाड’ याच्या आधी ‘काही तुटायचंच असेल तर ते कुठे तुटावं’ हे ठरवावं लागतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: टाय रॉड किंवा त्याचं टोक. वाकलेला रॉड विंच लावून घरी पोहोचण्यापुरता सरळ करता येतो, रॉडचं एक जादा टोक पेटीत ठेवता येतं. तुटलेला सेक्टर शाफ्ट किंवा फाटलेली चासी रानात दुरुस्त होत नाही. म्हणून मजबुतीचं काम चासीपासून सुरू करायचं आणि बाहेरच्या दिशेने यायचं.

पहिली जागा बॉक्सची बैठक. बॉक्सभोवतीची चासी वायरब्रशने घासून उघडी करा आणि प्रत्येक बोल्टाभोवती टॉर्च तिरकी धरून बघा. रंगात बारीक रेघ किंवा बोल्टाच्या डोक्याखालून आलेली लालसर भुकटी दिसली तर तिथे धातू धातूवर घासतोय किंवा तडा गेलाय असं समजा. पोकळ चासीतून बोल्ट आरपार जात असेल तर आत नळीचा तुकडा वेल्ड केलेला हवा. तो नसेल तर बोल्ट आवळताना पत्रा आत दबतो, बोल्टाचा ताण टिकत नाही आणि बॉक्स हलायला लागतो. बाहेरून ४ ते ५ मिलिमीटरची पट्टी लावायची असेल तर तिची टोकं तिरकी, माशाच्या शेपटीसारखी कापा. चौकोनी पट्टी लावून चासीला आडवी, वरपासून खालपर्यंत सरळ वेल्ड मारली की पुढचा तडा बरोबर त्याच रेषेत जातो.

यूनिबॉडी, म्हणजे वेगळी चासी नसलेल्या गाड्यांत हे दुखणं जास्त. १९८४ ते २००१ या मॉडेलवर्षांतली जीप चेरोकी एक्सजे याचं ओळखीचं उदाहरण. तिचा बॉक्स पातळ पत्र्याच्या रेलवर, मध्ये ॲल्युमिनियमचा ओतीव स्पेसर ठेवून बसवलेला असतो. मोठ्या टायरवर तो स्पेसर तडकतो. म्हणून ती गाडी रानात नेणारे लोक स्टीलचा स्पेसर आणि बॉक्सपासून पलीकडच्या रेलपर्यंत जाणारा आडवा दांडा आधी बसवतात.

बॉक्सनंतर सेक्टर शाफ्ट. लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन उंच केलेल्या गाडीत ड्रॅग लिंकचा कोन सुधारायला लोक खाली झुकलेला, म्हणजे ड्रॉप पिटमन आर्म घालतात. मला तो आवडत नाही. जोर बॉक्सच्या बेअरिंगपासून जितका खाली लागेल तितका सेक्टर शाफ्ट वाकण्याचा ताण वाढतो. कोन सुधारायचाच असेल तर ड्रॅग लिंकचं नकलकडचं टोक वर घ्या. ड्रॉप आर्म आधीच असेल आणि काढता येत नसेल तर सेक्टर शाफ्टच्या खालच्या टोकाला बेअरिंग देणारा ब्रेस तरी लावा.

आता टाय रॉड. याचं गणित सगळ्यांनी एकदा समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण ‘भरीव म्हणजे मजबूत’ या समजुतीपायी लोक वजन वाढवतात आणि हाती फार काही लागत नाही. एक इंची, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा भरीव रॉड घ्या. त्याच्या शेजारी दीड इंच बाहेरचा व्यास आणि पाव इंच जाडी असलेला पाइप ठेवा. पाइपचं वजन भरीव रॉडच्या सव्वापट भरतं. पण वाकायला होणारा त्याचा विरोध, म्हणजे ताठपणा, चौपट असतो, आणि कायमचा वाक येण्याआधी तो सुमारे २.७ पट भार सोसतो. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असल्यामुळे असं होतं. मधला धातू जवळपास आयता बसून असतो, काम कडेचा धातू करतो.

रॉड दोन तऱ्हांनी वाकतो. एक, दगड मधोमध आदळून. दोन, दोन्ही टोकांकडून दाबला जाऊन, काठी टेकवून वरून भार दिल्यावर ती फुगते तसा. पहिल्या तऱ्हेत स्टीलची ताकद कामाला येते, तिथे चांगल्या मिश्रधातूचा उपयोग आहे. दुसऱ्या तऱ्हेत लांब, बारीक रॉडला व्यासच वाचवतो. साधं स्टील काय आणि क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) काय, दोघांचा लवचीकतेचा गुणांक जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. शिवाय एकदा वाकून सरळ केलेला रॉड कधीच पूर्ण सरळ नसतो. त्यात राहिलेला दोन-चार मिलिमीटरचा बाक पुढच्या दाबाला आयती वाट देतो. तुमचा रॉड दुसऱ्यांदा त्याच जागी वाकला असेल तर कारण हेच.

टाय रॉड ॲक्सलच्या पुढे आहे की मागे, हेही बघा. दोन्ही चाकं दगडावर चढताना मागे ढकलली जातात आणि त्यांची पुढची बाजू बाहेर उघडायला बघते. रॉड ॲक्सलच्या मागे असेल तर त्या वेळी तो दाबला जातो, पुढे असेल तर ताणला जातो. लँड क्रूझर ८० मध्ये टाय रॉड ॲक्सलच्या मागे आहे, दगडाच्या थेट माऱ्यापासून बचावलेला, पण चढताना दाबाखाली. पुढे रॉड असलेल्या गाडीत दाब येतो तो रिव्हर्स घेताना. तुमचा रॉड नेमका कधी वाकला ते आठवून बघा. दोन्ही वेळा अडकलेली गाडी मागे घेताना झालं असेल तर दगड रॉडवर आदळलाच नसेल, रॉड नुसत्या दाबाने फुगला असेल. मग त्याला खालून पत्रा किंवा ढाल लावून काही होणार नाही, व्यासच वाढवावा लागेल.

७०७५-टी६ ॲल्युमिनियमचे भरीव रॉडही मिळतात. त्यांचा ताठपणा स्टीलच्या साधारण एक तृतीयांश असतो, म्हणून ते बरेच जाड असावे लागतात. दगडावर आदळले की ते लवतात आणि परत सरळ होतात, हा त्यांचा मोठा गुण. सतत खडकात चालणाऱ्या गाडीला मी ते सुचवतो. पण त्यावर दगडाची खोल खाच पडली तर ती बारीक कानशीने लांबट उतार देऊन गुळगुळीत करावी लागते, कारण तडा तिथूनच सुरू होतो. तुमची गाडी रोज रस्त्यावरही चालते, तुम्ही स्टीलचा पाइप घ्या.

रॉडइतकीच महत्त्वाची त्याची टोकं. पाइप ३८ मिलिमीटरचा आणि टोकाचा आटे असलेला दांडा १६ मिलिमीटरचा, अशी जोडी मी कितीदा तरी बघितली आहे. ती वाकत नाही, लॉक नटच्या कडेला आट्यातच मोडते. पाइप मोठा केलात तर टोकंही मोठ्या मापाची घ्या. २२ मिलिमीटरचा दांडा असेल तर निदान ३३ मिलिमीटर आटे आत गेलेले हवेत, म्हणजे व्यासाच्या दीडपट. एका टोकाला सुलटे आणि दुसऱ्याला उलटे आटे ठेवा, म्हणजे रॉड न काढता लांबी बदलता येते. पाइपच्या टोकात आटे असलेला गोळा वेल्ड करताना कडेला उतार (चॅम्फर) पाडून गोल वेल्ड मारा आणि पाइपला बाजूने दोन-तीन भोकं पाडून तीही भरा. हे वेल्डिंग ज्याच्या हाताची तुम्हाला खात्री आहे त्याच्याकडूनच करून घ्या, किंवा तयार आटे कापलेला पाइप घ्या.

टोकं कंपनीसारखी, रबरी बूट असलेल्या बॉलची घ्यावीत की उघडे रॉड एंड (बूट नसलेले गोल सांधे)? रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला बॉलची. धूळ आणि पाणी गेलं की उघडा रॉड एंड लवकर झिजतो आणि खडखडायला लागतो. रॉड एंड लावलेच तर बोल्टाला दोन्ही बाजूंनी आधार मिळेल अशी पकड बनवा. ते शक्य नसेल तर बोल्टावर एवढा मोठा वायसर ठेवा की बॉल निखळला तरी रॉड बोल्टावरून सुटून खाली पडणार नाही.

बॉलचा पिन निमुळता असतो आणि नकलमधल्या भोकाचा उतार त्याला तंतोतंत जुळावा लागतो. तपासायची सोपी रीत सांगतो. पिन आणि भोक पुसून कोरडं करा. पिनवर मार्करने लांबीच्या दिशेत चार रेघा मारा, पिन भोकात दाबून बसवा, थोडा फिरवा आणि काढा. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या गेल्या तर उतार जुळतो. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसल्या असतील तर तो पिन तिथे बसवू नका, कितीही आवळला तरी तो आत डुलत राहील आणि मानेत मोडेल. नट टॉर्क पान्याने आवळा. कॉटर पिनचं (नट फिरू नये म्हणून घालायच्या खिळीचं) भोक जुळलं नाही तर नट पुढे आवळून जुळवा, सैल करून कधीच नाही.

नकलवर स्टडने बसणारे आर्म असतील, उदाहरणार्थ जुन्या टोयोटा सॉलिड ॲक्सलवर, तर ते स्टड स्टीअरिंगचाच भाग समजा. मोठ्या टायरवर ते सैल होतात, मग कापले जातात. दोन-तीन मोहिमांनंतर त्यांचा टॉर्क तपासा. माझी सवय अशी आहे की आवळून झालं की नट आणि आर्म यांच्यावरून रंगाची एक सलग रेघ ओढायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे पाना न लावताही कळतं.

वेल्डिंगबद्दल एवढंच: पिटमन आर्म, ओतीव नकल, बॉलचं टोक आणि स्टीअरिंग शाफ्ट यांना वेल्ड लावायचं नाही, तापवून वाकवायचंही नाही. उष्णतेने धातूला कणखर करण्यासाठी केलेली प्रक्रिया बिघडते आणि वेल्डच्या कडेला ठिसूळ पट्टा तयार होतो. तुमच्या टाय रॉडला अँगल लावू नका म्हटलं ते त्यामुळेच. अँगल जिथे संपतो तिथे रॉडचा ताठपणा एकदम बदलतो आणि पुढचा वाक नेमका तिथे येतो. रानात अडकलातच तर अँगल किंवा जॅकचा दांडा रॉडला यू-बोल्टने किंवा होज क्लिपांनी करकचून बांधा, हळू घरी या आणि रॉड बदला.

आता थरथरीबद्दल. डॅम्पर भार वाहत नाही, तो फक्त हालचाल मंद करतो. ताशी साठच्या पुढे खड्ड्यावरून सुरू होणारी जोरदार थरथर, जिला आपण डेथ वॉबल म्हणतो, ती बहुतेक वेळा ट्रॅक बारच्या बोल्टातून, बुशमधून किंवा कंसाच्या (ब्रॅकेटच्या) लांबट झालेल्या भोकातून येते. त्याखालोखाल बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, चाकांचं बेअरिंग आणि टायरचा बॅलन्स. नवा डॅम्पर ती थरथर काही आठवडे झाकेल आणि तेवढ्यात भोक आणखी लांबट होईल.

तपासायला दोन माणसं लागतात. चारही चाकं जमिनीवर, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हाताच्या वितीएवढं, भरभर हलवायचं. दुसऱ्याने खालून प्रत्येक सांध्याकडे बघायचं. हात लावायचा तर सांध्याच्या बाहेरून, दोन भागांच्या मध्ये बोट घालायचं नाही. ट्रॅक बारचा बोल्ट कंसाच्या तुलनेत हलताना दिसला तर नुसता आवळून भागणार नाही. भोकाभोवती जाड वायसर वेल्ड करून मूळ मापाचं भोक परत मिळवावं लागतं आणि बोल्टाची गुळगुळीत मान, आटे नव्हे, भोकात येईल अशा लांबीचा बोल्ट घ्यावा लागतो. त्यानंतर गाडीच्या समोर उभं राहून ड्रॅग लिंक आणि ट्रॅक बार एकमेकांना समांतर दिसतात का ते बघा. नसतील तर सस्पेन्शन वर-खाली होताना चाकं आपोआप वळतात आणि सगळ्या सांध्यांना विनाकारण झटके बसतात.

हायड्रॉलिक असिस्ट, म्हणजे ॲक्सल आणि टाय रॉड यांच्यात बसवलेला सिलिंडर, ३७ इंची टायरपासून पुढे मी आग्रहाने सुचवतो. तो बॉक्सवरचा भार उचलतो. पण ४५ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर १०० बार दाबाला सुमारे १६०० किलोचा रेटा देतो आणि तो सगळा टाय रॉडवर येतो, तेव्हा बारीक रॉडवर असिस्ट लावणं म्हणजे तो मोडायची सोय करणं. नकलचे स्टॉप असे लावा की सिलिंडरचा दांडा किंवा बॉक्स आतून टोकाला पोहोचण्याआधी स्टॉप टेकतील. यांत्रिक जोड पूर्ण काढून फक्त हायड्रॉलिकवर चालणारं स्टीअरिंग रस्त्यावरच्या गाडीला लावू नका, अनेक देशांत त्याला परवानगीही नाही. ३५ इंचीला तुम्हाला याची गरज दिसत नाही.

रॅक (स्टीअरिंग बॉक्सऐवजी दातांची सरकती पट्टी) असलेल्या, स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांत आतला टाय रॉड हीच कमजोर जागा असते आणि मी तिला तशीच राहू देतो. तो रॉड भक्कम केला की जोर रॅकच्या आत जातो. त्यापेक्षा एक जादा रॉड आणि तो खोलायचा पाना बरोबर ठेवा.

चालवण्याच्या सवयीनेही बराच फरक पडतो. चाक दगडात अडकलं असेल तर गाडी तसूभर पुढे-मागे करत वळवा, जागेवर उभं राहून नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून टोकाला दाबून धरू नका, त्या वेळी पंप पूर्ण दाबावर असतो आणि तेलही तापतं.

नवा रॉड बसवल्यावर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेर कल, असा लावा: चाकं सरळ करा आणि दोन्ही टायरच्या मधल्या रेषेत, हबच्या उंचीला, टेपने पुढचं अंतर मोजा आणि मागचं मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ ते ३ मिलिमीटर कमी हवं. मग लॉक नट आवळा, गाडी दहा-वीस किलोमीटर चालवून परत मोजा आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून रॉड कुठे घासत नाही ना ते बघा. सस्पेन्शन पूर्ण दबलेल्या स्थितीतही बघा, जाड रॉड तिथे डिफरन्शियलच्या झाकणाला किंवा स्प्रिंगच्या पट्टीला टेकतो.

तुम्ही आधी दोन माणसांची ती तपासणी करा आणि बॉक्सभोवतीची चासी घासून बघा. ट्रॅक बारचं भोक आणि बॉक्सचे बोल्ट यांचे जवळून, तिरक्या उजेडात काढलेले फोटो पाठवा, आणि रॉड दोन्ही वेळा पुढे जाताना वाकला की मागे घेताना, तेही कळवा. त्यावरून पाइपचं माप सांगतो.